नमुने हलता कामा नयेत

माझ्या सासूबाई सायकल चालवतात तेव्हा त्यांची मान हलत नाही. पाय फिरतात, चाकं फिरतात, कुर्त्याचा घोळ वाऱ्यावर उडतो, पण मान आणि खांदे जागच्या जागी. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते मे महिन्यातल्या एका सकाळी सात वाजता, चेल्लेच्या स्टेशनबाहेर. हॅनोव्हरहून आम्ही दोघी पहिल्या ट्रेनने सायकली घेऊन आलो होतो. तिथून उत्तरेला लुनेबुर्ग, नव्वद किलोमीटर. मध्ये सगळी हायडे, म्हणजे पाइनची जंगलं, दलदल, वाळूचे रस्ते आणि नजर पोचेल तिथपर्यंत गुडघाभर उंचीची झुडपं. सासूबाई तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या, आणि हे नव्वद किलोमीटर त्यांना संध्याकाळच्या आत पार करायचे होते, कारण त्यावर त्यांचं घर अवलंबून होतं.

त्याचं असं झालं. त्याआधीच्या दिवाळीनंतर त्या पुण्यातल्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. आम्हाला फोनवर मात्र सहा दिवस "सगळं मस्त" एवढंच ऐकू येत होतं. व्हिडिओ कॉलवर त्या उजवा हात कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवून गप्पा मारायच्या. सातव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या नवऱ्याला मेसेज केला, "आईंचं प्लास्टर कधी निघणार?" त्या दिवशी मी नवऱ्याला पहिल्यांदा ऑफिसातून लवकर घरी आलेलं पाहिलं. तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, "ती सांगत नाही. उद्या काही झालं तर काकूंच्या मेसेजवरून कळायचं का मला?"

उन्हाळ्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या तेव्हा त्याने विषय काढला. फ्लॅट बंद करायचा आणि बंगळूरला माझ्या नणंदेकडे कायमचं राहायला जायचं. नणंदेने खोली रिकामीसुद्धा केली होती. सासूबाई रोज काही ना काही कारण काढून विषय टाळत. शेवटी एकदा जेवताना तो वैतागून म्हणाला, "तू एकटीने सगळं करू शकतेस ना? मग गेल्या वर्षी आम्ही चेल्लेहून लुनेबुर्गला सायकलने गेलो, तसं एका दिवसात जाऊन दाखव. मी परत बंगळूरचं नाव काढणार नाही."

तो नुसतं बोलून गेला होता. सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"तर बंगळूर."

"ठरलं," त्या म्हणाल्या.

आमची चौदा वर्षांची मुलगी, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, ती "क्रास!" म्हणाली. जबरदस्त, अशा अर्थाचा तो शब्द आहे. त्याच रात्री तिने स्वतःची एकवीस गिअरची सायकल आजीच्या नावावर करून टाकली. पुढचे तीन आठवडे सासूबाई रोज सकाळी कालव्याच्या काठाने सायकल चालवायला जाऊ लागल्या. आधी दहा किलोमीटर, मग वीस, मग चाळीस. डॉक्टरांनी मनगट तपासून हरकत नाही म्हटलं. माझ्या नवऱ्याला पश्चात्ताप होत होता, पण शब्द मागे घेता येत नव्हता. तो म्हणाला, मी येतो तुझ्याबरोबर. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू नको. तू दर दोन किलोमीटरला विचारशील, आई बरी आहेस ना. ही येऊ दे. हिला माझं काही कौतुक नाही."

हे त्या माझ्यासमोर म्हणाल्या, आणि ते बरंचसं खरंही होतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि सासूबाईंच्या बाबतीत मी ते घरीही आणलं होतं. बंगळूरच्या बाबतीत मी पूर्णपणे नवऱ्याच्या बाजूची होते. पैज त्या हरतील असं मला वाटत होतं आणि त्यात मला काही वाईटही वाटत नव्हतं. मी एक एक्सेल शीट मात्र चोख बनवली. त्यात रस्ता होता, चढ होते, पाणी कुठे भरायचं ते होतं, पंक्चरचं सामान होतं. दिवस मे महिन्यातल्या सुट्टीचा निवडला, हिमेलफार्टचा. येशू स्वर्गात गेला त्याची ही सुट्टी. दुकानं बंद असतात, म्हणून खाणं घरूनच न्यायचं ठरवलं. पहाटे चारला उठून मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या आणि बटाट्याची भाजी केली, कांदा घालून, नवऱ्याला आवडते तशी.

तर चेल्ले. गाव मागे पडलं आणि दहा मिनिटांत जंगल सुरू झालं. मी पुढे होते, कारण नकाशा माझ्याकडे होता. पण पहिल्या दगडी रस्त्यावर मी मागे पडले. जुन्या खेड्यांमधून इथे अजून गोट्यांच्या आकाराच्या दगडांचे रस्ते आहेत, त्यावर सायकल घातली की दात वाजतात. मी हँडल घट्ट धरून, ब्रेक दाबत, स्वतःला आणि रस्त्याला शिव्या घालत चालले होते. सासूबाई माझ्या बाजूने पुढे निघून गेल्या. सीटवरून त्या जेमतेम दोन बोटं वर उठल्या होत्या, कोपरं सैल सोडली होती, आणि मान, मी म्हटलं तशी, जागच्या जागी.

"हे कुठे शिकलात?" मी मागून ओरडले.

"नमुने हलता कामा नयेत," त्या मागे न बघता म्हणाल्या.

एकतीस वर्षं त्यांनी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त गोळा केलं होतं. मला हे माहीत होतं, जसं आपल्याला घरातल्या माणसांचं सगळंच माहीत असतं, म्हणजे वरवर. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं आणि त्यांनी सांगितलं. सकाळी साडेपाचला निघायचं. कॅरियरला बर्फाचा डबा, त्यात नळ्या. पंधरा-वीस घरं, सगळी उपाशी पोटी वाट बघत बसलेली माणसं, कुणाला सुई टोचलेली बघवत नाही, कुणाची शीर सापडत नाही. मग ते सगळं रक्त दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायचं. आपटलं, हलवलं तर रक्तातल्या पेशी फुटतात आणि रिपोर्ट चुकतो. म्हणून खड्डा दिसला की आधीच वेग कमी करायचा, करकचून ब्रेक लावायचा नाही, आणि मध्ये कशासाठीही थांबायचं नाही.

"कशासाठीही?"

"अगं, एकदा ताप होता एकशे दोन. पण डब्यात सतरा जणांचं रक्त होतं. थांबणार कशी?"

हे त्या हसत सांगत होत्या. मला त्या वेळी हसू आलं नाही, कारण मी मनात दोष नोंदवत होते. मनगट मोडल्यावर सहा दिवस गप्प राहणारी बाई कुठल्या कारखान्यात तयार झाली, ते मला आता समजलं होतं.

पण जंगल फार सुंदर होतं आणि माझं मन त्या नोंदीवर टिकेना. पाइनची झाडं सरळसोट, खाली ब्लूबेरीच्या झुडपांचा हिरवागार गालिचा, आणि उन्हाचे पट्टे रस्त्यावर आडवे पडलेले. कोकीळ घुमत होती, पण आपली नव्हे, इथली, दोनच स्वरांची. जंगल संपलं की एकदम उघडा माळ. ऑगस्टमध्ये तो जांभळा होतो आणि बसेस भरभरून लोक बघायला येतात. मे महिन्यात तो तपकिरी असतो आणि तिथे कोणी नसतं. मधूनमधून नुसते बर्चच्या पांढऱ्या खोडांचे घोळके आणि वर चंडोल. एका कुरणाभोवती विजेची तार होती आणि पाटीवर लांडग्याचं चित्र होतं. सासूबाई सायकलवरून न उतरता ती पाटी बघून म्हणाल्या, "लांडगा आला तर तू पुढे जा. तुझी मुलगी लहान आहे." मग स्वतःच्याच विनोदावर त्या बराच वेळ हसत राहिल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी आमच्या घरात पाहिलं नव्हतं.

वीस किलोमीटरला मी डबा उघडला. "इतक्यात नको," त्या म्हणाल्या. तीसला परत उघडला. "तू खा, मला भूक नाही." त्यांनी पर्समधून दाण्याचा एक लाडू काढून खाल्ला आणि पाणी प्यायल्या. मला जरा राग आला. पहाटे चारला उठून केलेल्या पुऱ्यांना कुणी दोनदा नाही म्हटलं तर कुठल्याही सुनेला येईल तेवढाच.

पाणी मात्र त्या भरपूर पीत होत्या. ऊन चढलं होतं. मी पुढच्या खेड्यात त्यांना एका झाडाखाली बसवलं, चारी बाटल्या घेतल्या आणि "गावातून भरून आणते" म्हणून गेले. या बाटल्या मी कुठे भरल्या ते मी त्यांना सांगितलं नाही. ते पुढे येईलच.

पस्तीस-छत्तीस किलोमीटरच्या आसपास, जंगलातल्या एका चौकात, गाणी ऐकू आली. सात-आठ पुरुष, सगळे पन्नाशीचे, डोक्याला गवताच्या टोप्या आणि बरोबर एक लाकडी हातगाडी. गाडीत बिअरचे क्रेट, शेगडी आणि स्पीकर. हिमेलफार्टच्याच दिवशी इथे फाटरटाग असतो, पुरुषांचा दिवस, आणि त्या दिवशी पुरुषांनी अशी गाडी ओढत रानात भटकायचं आणि पीत राहायचं असा रिवाज आहे. मी सायकल जोरात पुढे काढणार होते. पण सासूबाईंनी आधीच त्यांना नमस्कार केला होता.

मग काय, थांबावं लागलं. कुठून आलात, कुठे चाललात. लुनेबुर्ग ऐकून एकाने टोपी काढली. दुसऱ्याने सासूबाईंना बिअर देऊ केली, तिसऱ्याने सॉसेज. त्या दोन्हीला हसून मान हलवत होत्या. मी बोलायचं म्हणून त्यातल्या एकाला विचारलं, "आणि उद्या कामावर?"

"छे! उद्या शुक्रवारची रजा टाकलीय. आता बघा, हिमेलफार्ट म्हणजे कायम गुरुवारच. दर वर्षी चार दिवस सुट्टी!"

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं बाकीचे ओरडले.

मी त्याच्याकडे बघत राहिले. गुरुवार. सासूबाई गेली कित्येक वर्षं गुरुवारचा उपास करतात. आमच्या घरी त्या आल्यापासून दर बुधवारी रात्री मीच साबुदाणा भिजवत होते. आणि आज, जर्मनीत नऊ वर्षं राहिलेल्या माझ्या डोक्यात फक्त हिमेलफार्ट होता, वार नव्हताच. एक्सेल शीटमध्ये चौदा रकाने होते, त्यात वाराचा एकही नव्हता. बाई पहाटेपासून चहा, पाणी आणि एका लाडवावर सायकल मारत होती, आणि मी तिच्यासमोर दर दहा किलोमीटरला कांद्याच्या भाजीचा डबा उघडत होते.

त्या लोकांचा निरोप घेऊन थोडं पुढे आल्यावर मी सायकल थांबवली. "आई, आज गुरुवार आहे."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू एवढ्या पहाटे उठून केलंस. तुला वाईट वाटलं असतं."

"अहो आई, सकाळी सहाला सांगितलं असतंत तर मी बटाटे उकडून घेतले असते! केळी घेतली असती! आता सगळी दुकानं बंद आहेत. नव्वद किलोमीटर तुम्ही तीन लाडवांवर जाणार आहात का?" मला थांबता येईना. "तो हेच म्हणतो. तुम्ही पडता म्हणून तो घाबरत नाही. तुम्ही सांगत नाही म्हणून घाबरतो. तुमचा हात मोडला तेव्हा तो महिनाभर नीट झोपला नाही, माहितीये तुम्हाला? आणि आज तुम्ही माझ्यासमोर उपाशी, आणि मला ते एका दारू प्यायलेल्या माणसाकडून कळतंय!"

जंगलात माझा आवाज फार मोठा वाटला.  सासूबाईंनी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि त्या निघाल्या. मीही निघाले. बोलल्याचं वाईट वाटत होतं आणि बोलले ते बरोबर आहे असंही वाटत होतं. पुढचे वीस किलोमीटर आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. रस्ता वाळूचा होता. चाकं रुतायची, उतरून ढकलावं लागायचं. मी दोनदा पडले. त्या एकदाही पडल्या नाहीत. वाळू आली की त्या आधीच उतरत, सायकल कमरेशी टेकवून चालत आणि कडक जमीन आली की पुन्हा बसत, कुठेही घाई नाही, चिडचिड नाही. माझ्या पायात गोळे येत होते, आणि त्या सदुसष्टाव्या वर्षी, उपाशी पोटी, माझ्या पुढे होत्या. भांडणाच्या भरातसुद्धा मला ते कौतुक लपवता येत नव्हतं. मी त्यांच्या मागे होते म्हणून त्यांना ते दिसलं नाही, इतकंच.

साठ किलोमीटरला एक छोटंसं खेडं लागलं. चर्चला लागून विटांची भिंत, भिंतीत लोखंडी फाटक, फाटकाबाहेर लिंडनचं झाड आणि बाक. सासूबाईंनी सावकाश वेग कमी केला, करकचून ब्रेक न लावता, आणि त्या थांबल्या. सायकल भिंतीला टेकवली. बाकावर बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला चक्कर येतेय. थांबूया."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत मी त्यांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. माझ्या मुलीच्या बारशाला त्या अंगात ताप असताना शंभर माणसांचं जेवण बघत होत्या, हेही मला दोन वर्षांनी कळलं होतं.  मी त्यांना बाकावर आडवं केलं, पाय माझ्या बॅगेवर उंच ठेवले, उरलेला लाडू मोडून हातात दिला. मग रिकाम्या बाटल्या उचलल्या आणि सवयीने फाटक ढकलून आत गेले.

आत कबरस्तान होतं. फ्रीडहोफ. लांबच्या सायकलप्रवासाला जाणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असतं की जर्मनीत दुकान बंद असेल, हॉटेल नसेल, तरी प्रत्येक गावात फ्रीडहोफ असतो, आणि त्यात कबरींवरच्या फुलांना घालायला नळ असतो. "पिण्यायोग्य नाही" अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्यायची. सकाळी मी तेच केलं होतं. आताही पाटी नाही ना ते बघून मी नळाखाली बाटली धरली आणि मान वर केली. सासूबाई बाकावर उठून बसल्या होत्या आणि फाटकातून माझ्याकडे बघत होत्या. मध्ये फुलांनी भरलेल्या कबरींच्या रांगा.

मी भरलेल्या बाटल्या घेऊन बाहेर आले.

"सकाळीपण इथलंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे इथलं नाही, आधीच्या गावातलं. पण असंच."

"आणि मला म्हणालीस गावातून आणलं."

 त्यांचा गुरुवारचा उपास, आणि मी त्यांना सकाळपासून कबरस्तानातलं पाणी पाजत होते. वीस किलोमीटरपूर्वी न सांगण्यावरून मी केवढं लांबलचक भाषण ठोकलं होतं, तेही आठवलं. 

त्यांनी बाटली घेतली, उन्हात धरून पाणी निरखलं, जशा त्या नळी धरत असतील. मग घटाघट अर्धी बाटली प्यायल्या.

"काशीहून आणलेला गडू आहे ना आपल्या देव्हाऱ्यात," त्या म्हणाल्या, "तिथे काठावर काय चालतं बघितलंयस का कधी? इथे तर फुलं आहेत. पण पुढच्या वेळी सांगत जा."

"तुम्हीही," मी म्हणाले.

"मी सांगितलं की आत्ता."

मग आम्ही दोघी हसलो. मला हसता हसता रडू आलं, पण ते मी पाणी तोंडावर मारून धुऊन टाकलं.

गावात शिरताना एका शेतघरापुढे मी लाकडी कपाट पाहिलं होतं. अशा कपाटात शेतकरी मध, अंडी, बटाटे ठेवून देतो आणि आपण डब्यात पैसे टाकून न्यायचं. मी सायकल काढली आणि पाच मिनिटांत बटाट्यांची पिशवी घेऊन आले. चहाची सामग्री होतीच. फाटकाबाहेरच्या खडीवर, झाडापासून लांब, मी छोटी गॅसची शेगडी मांडली. सासूबाईंनी खिशातल्या चाकूने बटाट्याच्या सालासकट फोडी केल्या, सगळ्या अगदी एकसारख्या. कबरस्तानातल्या पाण्यात ते बटाटे वीस मिनिटं रटरटले. काकडीसाठी आणलेली मिठाची पुडी होती. तेवढ्यावर, भांड्यातूनच, चमचा एकच असल्यामुळे आळीपाळीने, आम्ही ते खाल्ले. मी पुऱ्या उघडल्याच नाहीत. उपासाचा म्हणून आजवर जे जे मी खाल्लंय, त्यात त्या बटाट्यांची सर कशालाही नाही. एक म्हातारे गृहस्थ पाण्याची झारी घेऊन आले, आमच्याकडे बघून "गुटन आपेटीट", म्हणजे चवीने जेवा, असं म्हणाले आणि आत आपल्या कबरीपाशी गेले.

चहा झाला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. मी घड्याळ बघितलं. तीन वाजत होते, तीस किलोमीटर राहिले होते आणि उजेड नऊपर्यंत असणार होता. आणि मला एकदम जाणवलं की त्यांनी जिंकावं असं मला आता मनापासून वाटतंय.

"तासभर पडा," मी म्हणाले. "मग हळूहळू जाऊ. सहज पोचतो आपण."

"इथून स्टेशन किती लांब?"

"चार किलोमीटर. पण आई, पैज..."

"सायकलवरून उतरताना माझे पाय लटपटत होते. परत जंगलात तसं झालं तर तू एकटी काय करशील?" त्यांनी हेल्मेट उचललं. "चल, ट्रेनने जाऊ."

मी टेस्टर आहे हे मी सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडली, स्वतः कधी केली नाही. पण त्या क्षणी मी म्हणाले, "असं करू. लुनेबुर्गच्या एक स्टेशन आधी उतरू. तिथून सायकलने जाऊ. अंगावर धूळ आहेच. त्याला काय कळणार?"

सासूबाई माझ्याकडे बघून इतक्या मऊ हसल्या की मी खाली बघितलं. "नमुना खराब झाला तर खराब झाला म्हणून लिहायचं," त्या म्हणाल्या. "त्यात दुसऱ्या कुणाचं रक्त भरायचं नाही."

त्या छोट्या स्टेशनवर दोनच बाक होते आणि ट्रेनला पन्नास मिनिटं होती. सासूबाईंनी माझा फोन मागितला आणि मुलाला लावला. मी जरा लांब जायला निघाले, त्यांनी हाताने थांबवलं. "अरे, मी बोलतेय. आज उपास होता, मी हिला सांगितलं नव्हतं. साठ किलोमीटरला चक्कर आली. थांबले, खाल्लं, आता बरी आहे. ट्रेनने येतोय आम्ही. तीस राहिले."  "अरे, ऐकतोयस ना?" त्या म्हणाल्या. मग "बरं" म्हणून त्यांनी फोन मला दिला.  

ट्रेनमध्ये त्या खिडकीशी बसल्या. बाहेर तेच जंगल, तेच माळ, आता भराभर मागे पळत होते. "पुण्याच्या गॅलरीत कुंड्या आहेत," त्या मध्येच म्हणाल्या. "तेवढ्या खालच्या काकूंना द्यायला हव्यात." 

लुनेबुर्गला प्लॅटफॉर्मवर माझा नवरा आणि मुलगी उभे होते. मुलीने धावत येऊन आजीला मिठी मारली आणि चक्क मराठीत विचारलं, "आजी, तुला बरं वाटतंय?" नवऱ्याने आईच्या हातातली सायकल घेतली. पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या कॅरियरवर तो सायकली बांधत बसला. दोन पट्टे पुरतात, त्याने पाच लावले. आमच्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, "आई, तुझं तिकीट मी पुण्याचंच ठेवलंय."

"पण मी हरले," सासूबाई म्हणाल्या.

"हो, हरलीस." त्याने पाचवा पट्टा आणखी ओढला. "पण फोन तू केलास. काकूंनी नाही."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सासूबाई पुण्यात आहेत, त्यांच्या फ्लॅटमध्ये, कुंड्यांसकट. दर गुरुवारी इथल्या सकाळी त्यांचा फोन येतो आणि हालहवाल सांगण्याआधी त्या काय काय दुखतंय ते सांगतात. डावा गुडघा. उजवं मनगट, हवा बदलली की. एकदा दाढ. माझा नवरा कॉफीचा कप हातात धरून, डोळे मिटून, हे सगळं असं ऐकतो की बघणाऱ्याला वाटावं त्याला बढतीची बातमी मिळतेय. मीही शेजारी बसून ऐकते. गेल्या गुरुवारी मात्र त्या म्हणाल्या, "आज काहीच दुखत नाहीये रे."

त्याने डोळे उघडले. "नक्की?"

 मग त्या म्हणाल्या, "थांब हं, शोधते."